फिल कमांड चालवली तरी ब्लॉक तिथेच: माइनक्राफ्टमधली नेहमीची अडचण आणि तिचा इलाज

/फिल ही कमांड आखलेल्या चौकोनातले ब्लॉक एका दमात दुसऱ्या ब्लॉकने बदलते. ती चालवूनही नको असलेले ब्लॉक जात नाहीत, ही तक्रार तीन तऱ्हांनी येते. कमांड चालते, पण ‘नो ब्लॉक्स वेअर फिल्ड’ एवढंच उत्तर मिळतं. किंवा निम्मे ब्लॉक जातात आणि निम्मे राहतात. किंवा सगळे जातात आणि अर्ध्या मिनिटात परत येतात, विशेषतः पाणी. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: आपण ब्लॉक डोळ्यांनी ओळखतो, तर गेम तो नावाने आणि अवस्थेने (दिशा कोणती, आत पाणी आहे का वगैरे) ओळखतो. दिसायला सारखे असलेले दोन ब्लॉक गेमच्या लेखी वेगळे असू शकतात. म्हणून कमांड पुन्हा पुन्हा चालवण्याआधी तिथे नेमका कोणता ब्लॉक आहे ते पाहा.

एक खुलासा आधीच. जावा आणि बेडरॉक असे या गेमचे दोन प्रकार आहेत, आणि कमांड दोन्हींत थोड्या वेगळ्या चालतात. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. गेममध्ये टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत, ब्लॉकांची नावं सगळी लहान लिपीत, आणि दोन शब्दांच्या मध्ये जिथे अधोरेषा दाखवली आहे तिथे मोकळी जागा नव्हे, अधोरेषाच. स्पेलिंगची शंका असेल तर पहिली दोन अक्षरं टाकून टॅब दाबा, गेम स्वतः यादी पुढे करतो.

कमांडचा साचा

/फिल ~-१० ~-५ ~-१० ~१० ~५ ~१० एअर रिप्लेस डायोराइट

पहिले तीन आकडे एका कोपऱ्याचे, पुढचे तीन समोरच्या कोपऱ्याचे, आणि ~ म्हणजे तुमच्या जागेपासून मोजलेलं अंतर. कोणता कोपरा आधी लिहायचा याला बंधन नाही. मग नवा ब्लॉक, मग ‘रिप्लेस’, मग जुना ब्लॉक. आधी नवा, मागून जुना. हा क्रम उलटा झाला तर ‘डायोराइट रिप्लेस एअर’ होतं आणि त्या चौकोनातली सगळी हवा दगडाने भरून निघते, तुमच्यासकट.

त्याहून वाईट चूक म्हणजे ‘रिप्लेस’ लिहून पुढचं नाव विसरणं. गेम त्याला चूक मानत नाही. नुसतं ‘एअर रिप्लेस’ म्हणजे त्या जागेतलं सगळंच्या सगळं हवा. /फिलला मागे फिरवण्याची सोय नाही. जावामध्ये पेटीच्या जागी हवा भरली की आतलं सामानसुद्धा जातं, खाली सांडत नाही. त्यामुळे मोठं काम असेल तर आधी जगाची प्रत काढून ठेवा. जावामध्ये वर्ल्डच्या ‘एडिट’मध्ये बॅकअपचं बटण आहे, बेडरॉकमध्ये वर्ल्डची कॉपी करता येते.

प्रत काढल्यावरही एक रंगीत तालीम करून घ्यावी. थेट हवा न भरता आधी ठळक रंग भरा:

/फिल ~-१० ~-५ ~-१० ~१० ~५ ~१० लाइम_वूल रिप्लेस डायोराइट

आता जे जाणार आहे ते सगळं पोपटी दिसेल. भिंतीचा एखादा कोपरा त्यात आला असेल तर तो इथेच लक्षात येतो. ठीक वाटलं की ‘एअर रिप्लेस लाइम_वूल’. मात्र पायऱ्या, ओंडके, दारं अशा दिशा असलेल्या ब्लॉकांवर हे करू नका, कारण लोकरीतून परत येताना त्यांची दिशा परत मिळत नाही.

‘नो ब्लॉक्स वेअर फिल्ड’

याचा अर्थ कमांड बरोबर लिहिली आहे, पण त्या जागेत त्या नावाचा ब्लॉक सापडला नाही. मग एकतर नाव चुकलंय किंवा जागा.

नाव तपासायला जावामध्ये एफ-३ दाबा आणि नको असलेल्या ब्लॉकवर नेम धरा. उजव्या बाजूला ‘टार्गेटेड ब्लॉक’खाली त्याचं खरं नाव येतं, त्याखाली अवस्था आणि त्याखाली # लावलेले टॅग, म्हणजे ब्लॉकांच्या गटांची नावं. बेडरॉकमध्ये ही सोय नाही, पण /टेस्टफॉरब्लॉक आहे. त्याला त्या ब्लॉकचे कोऑर्डिनेट आणि मुद्दाम चुकीचं नाव द्या. उत्तरात तो तिथे खरोखर काय आहे ते सांगतो.

इथे नेहमी फसवणारी नावं पाहू. इन्फेस्टेड_स्टोन दिसायला हुबेहूब स्टोन, पण आत सिल्व्हरफिश असते आणि ‘रिप्लेस स्टोन’ त्याला हात लावत नाही. लोखंडाचं खनिज दोन नावांनी येतं, आयर्न_ओअर आणि डीपस्लेट_आयर्न_ओअर. खोलात गेल्यावर दुसरंच जास्त असतं. जमिनीवरच्या आखूड गवताचं नाव जावा १.२०.३ (डिसेंबर २०२३) मध्ये ग्रासचं शॉर्ट_ग्रास झालं. त्यामुळे जुन्या व्हिडिओतली कमांड आज ‘अननोन ब्लॉक टाइप’ म्हणते. उंच गवत टॉल_ग्रास हा पुन्हा निराळा आणि दोन मजली ब्लॉक. हिरवी जमीन म्हणजे ग्रास_ब्लॉक, तो या दोघांपैकी कोणी नाही.

जावा आणि बेडरॉकची नावंही सगळीकडे जुळत नाहीत. सर्वात घातक जोडी बर्फाची आहे. जावामध्ये स्नो म्हणजे पातळ थर आणि स्नो_ब्लॉक म्हणजे पूर्ण ठोकळा. बेडरॉकमध्ये स्नो म्हणजे पूर्ण ठोकळा आणि स्नो_लेयर म्हणजे थर. म्हणजे जावासाठी लिहिलेली थर काढायची कमांड बेडरॉकमध्ये चालवली तर ती विनातक्रार चालेल आणि बर्फाची भिंत घेऊन जाईल. जावाचा स्पॉनर बेडरॉकमध्ये मॉब_स्पॉनर आहे, जावाचा कॉबवेब बेडरॉकमध्ये वेब, जावाचा मॅग्मा_ब्लॉक तिकडे नुसता मॅग्मा. पेटलेली भट्टी जावामध्ये फर्नेसचीच एक अवस्था असते, बेडरॉकमध्ये लिट_फर्नेस नावाचा स्वतंत्र ब्लॉक.

आणि तुमची कमांड कोणत्या काळातली आहे तेही बघा. /फिल जावामध्ये १.८ (२०१४) पासून आहे. २०१८ च्या १.१३ मध्ये ब्लॉकांची सगळी नावं नव्याने मांडली गेली. त्याआधी नावापुढे आकडा लागायचा: ‘एअर ० रिप्लेस स्टोन १’ म्हणजे ग्रॅनाइट. आज जावामध्ये तो शून्य दिसला की कमांड तिथेच अडते. अडल्यावर लाल ओळीच्या शेवटी बाण आणि ‘हिअर’ असं येतं. चूक त्या बाणाच्या लगेच आधी असते. पूर्ण ओळ न्याहाळत बसू नका, फक्त तेवढी जागा बघा.

जागा चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ऋण आकडे. एफ-३ मध्ये ‘एक्स-वाय-झेड’च्या ओळीत दशांशात आकडे असतात. तिथे -१०.४ दिसलं तर तुम्ही -१० वर नाही, -११ व्या ब्लॉकवर उभे आहात, कारण गेम खालच्या पूर्णांकाकडे जातो. त्याच्याजवळ ‘ब्लॉक’ अशी ओळ असते, तिच्यातले पूर्णांक वापरा. एका ब्लॉकची एक रांग मागे राहते ती बहुधा याच गोंधळामुळे. ~ चं चिन्ह तुमच्या पायापासून मोजतं, पण कमांड ब्लॉकमध्ये (कमांड साठवून स्वतः चालवणारा ब्लॉक) तेच चिन्ह त्या कमांड ब्लॉकपासून मोजतं. चॅटमध्ये नीट चाललेली कमांड तशीच्या तशी कमांड ब्लॉकमध्ये चिकटवली की भलतीकडे लागते ती त्यामुळे. शिवाय जावामध्ये प्रत्येक ~ च्या आधी मोकळी जागा लागतेच.

‘टू मेनी ब्लॉक्स’

एका कमांडची मर्यादा ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे ३२ × ३२ × ३२. मोजदाद पूर्ण चौकोनाची होते, बदलणाऱ्या ब्लॉकांची नव्हे. दहाच हिरे काढायचे असले तरी चौकोन मोठा असेल तर नकारच मिळतो. ~-२० ते ~२० तिन्ही दिशांना घेतलं तर ४१ × ४१ × ४१ = ६८,९२१ होतात. मधला, म्हणजे तुमचा स्वतःचा ब्लॉक मोजायचा राहतो म्हणून लोक ४० धरतात. ~-१५ ते ~१५ घेतलं तर २९,७९१, ते बसतं. एकाच थराचं काम असेल तर १८१ × १८१ पर्यंत जाता येतं (३२,७६१).

पूर्ण चंक (जगाचा १६ × १६ चा उभा तुकडा) वरपासून खालपर्यंत साफ करायचा असेल तर हिशेब छान जुळतो. १.१८ पासून मुख्य जगाची उंची -६४ ते ३१९, एकूण ३८४. सोळा गुणिले सोळा गुणिले ३८४ = ९८,३०४, म्हणजे मर्यादेच्या बरोब्बर तिप्पट. तीन कमांड पुरतात: ३१९ ते १९२, १९१ ते ६४, ६३ ते -६४. वरून खाली याच क्रमाने चालवा. वाळू आणि खडी खालून काढायला घेतली तर वरची कोसळून नुकत्याच साफ केलेल्या जागेत येऊन बसते.

जावा १.१९.४ पासून ‘कमांड मॉडिफिकेशन ब्लॉक लिमिट’ या गेमरूलने (/गेमरूल कमांडने बदलायची जगाची सेटिंग) मर्यादा वाढवता येते. अगदी नव्या आवृत्त्यांत गेमरूलांची नावं बदलली आहेत, तेव्हा इथेही टॅबची यादी पाहूनच निवडा. मर्यादा वाढवून एका दमात लाखो ब्लॉक काढले की गेम काही काळ गोठतो. आम्ही तरी तुकडेच सुचवू. बेडरॉकमध्ये तुकड्यांशिवाय मार्ग नाही.

‘दॅट पोझिशन इज नॉट लोडेड’ असं आलं तर मर्यादेचा प्रश्न नाही, ती जागा मेमरीत नाही. जवळ जा, किंवा जावामध्ये /फोर्सलोड ॲड आणि बेडरॉकमध्ये /टिकिंगएरिया ॲड वापरा. काम झालं की ते काढून टाकायला विसरू नका, नाहीतर तो भाग कायम चालू राहून गेमवर भार टाकतो.

पाणी परत येतं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही, आणि ‘एअर रिप्लेस वॉटर’ एवढ्याने ती क्वचितच सुटते. समजा ६० × ४० चं तळं आहे आणि ते १२ ब्लॉक खोल आहे. एकूण २८,८०० ब्लॉक, मर्यादेत बसतं. कमांड चालवली, तळं रिकामं झालं आणि बघता बघता पुन्हा ओलं झालं. पाणी चार वाटांनी परत येतं.

पहिली वाट काठाची. चौकोनाबाहेर एक जरी मूळ पाण्याचा ब्लॉक (सोर्स, ज्यातून पाणी वाहतं तो) राहिला तर तो आत वाहतो. दोन मूळ ब्लॉकांच्या मधल्या जागेत, खाली भरीव तळ असेल तर, नवा मूळ ब्लॉक तयार होतो आणि तळं स्वतःला भरत जातं. म्हणून समुद्राचा किंवा नदीचा तुकडा काढायचा असेल तर आधी भोवती काचेची भिंत घाला. समुद्राचा वरचा थर वाय ६२ वर असतो, तेव्हा भिंत ६२ पासून तळापर्यंत हवी. फक्त पाण्याच्या जागीच काच बसावी म्हणून ‘ग्लास रिप्लेस वॉटर’ असं लिहा, म्हणजे तळाची माती आणि खडक शाबूत राहतात. जावा १.१९.३ पासून ‘वॉटर सोर्स कन्व्हर्जन’ हा गेमरूल आहे. तो काम होईपर्यंत फॉल्स ठेवला तर नवे मूळ ब्लॉक तयार होणं थांबतं.

दुसरी वाट पाणवनस्पतींची, आणि ही सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. केल्प आणि समुद्रगवत यांच्या ब्लॉकमध्ये पाणी अंगभूतच असतं. गेमच्या लेखी तो ब्लॉक वॉटर नाही, सीग्रास आहे, म्हणून ‘रिप्लेस वॉटर’ त्याला सोडून पुढे जातं. भोवतालचं पाणी गेलं की त्याच्यातलं पाणी बाहेर वाहू लागतं. रिकाम्या तळ्याच्या तळाशी एखादी हिरवी काडी उभी आणि तिच्याभोवती पसरत चाललेलं पाणी दिसलं तर हेच झालंय. तेव्हा आधी वनस्पतीचं पाणी करा, मग पाण्याची हवा (… च्या जागी तुमच्या चौकोनाचे सहा आकडे):

/फिल … वॉटर रिप्लेस केल्प
/फिल … वॉटर रिप्लेस केल्प_प्लांट
/फिल … वॉटर रिप्लेस सीग्रास
/फिल … वॉटर रिप्लेस टॉल_सीग्रास
/फिल … एअर रिप्लेस वॉटर

जावामध्ये केल्पचं टोक आणि दांडा हे दोन वेगळे ब्लॉक आहेत, म्हणून दोन ओळी.

तिसरी वाट बुडबुड्यांची. तळाशी मॅग्मा किंवा सोल सँड असेल तर त्याच्यावरचा उभा खांब हा वॉटर नसून बबल_कॉलम असतो. आधी तळाचा मॅग्मा_ब्लॉक काढून तिथे स्टोन भरा. खांब आपोआप साधं पाणी होतो, मग ते काढा. उलट क्रमाने केलं तर खांब पुन्हा तयार होतो.

चौथी वाट भिजलेल्या ब्लॉकांची. पायऱ्या, स्लॅब, कुंपण, शिडी यांच्या आत पाणी राहू शकतं, त्या अवस्थेचं नाव वॉटरलॉग्ड. एफ-३ मध्ये ते ट्रू दिसतं. बुडालेलं घर कोरडं करताना खरी दमछाक इथेच होते. स्लॅबसाठी दोन ओळी पुरतात, एक खालच्या आणि एक वरच्या स्लॅबची:

/फिल … ओक_स्लॅब[टाइप=बॉटम,वॉटरलॉग्ड=फॉल्स] रिप्लेस ओक_स्लॅब[टाइप=बॉटम,वॉटरलॉग्ड=ट्रू]

दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे बॉटमच्या जागी टॉप. पायऱ्यांना चार दिशा आणि दोन अर्धं, म्हणजे आठ ओळी लागतात, प्रत्येकीत फेसिंग आणि हाफ दोन्हीकडे सारखं लिहायचं. दिशा न लिहिता नुसतं ‘ओक_स्टेअर्स’ भरलं तर सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या राहतात. पाच-दहाच ब्लॉक असतील तर कमांडच्या नादी लागू नका, रिकामी बादली घेऊन त्या ब्लॉकवर वापरली की आतलं पाणी निघतं. बेडरॉकमध्येही बादलीच बरी.

बेडरॉकवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: तिथे वॉटर आणि फ्लोइंग_वॉटर ही दोन नावं आहेत. दोन्हींसाठी कमांड चालवा, लाव्हाचंही तसंच. जावामध्ये वॉटर म्हटलं की मूळ आणि वाहतं दोन्ही येतं. फक्त मूळ हवं असेल तर वॉटर[लेव्हल=०].

तळं मर्यादेपेक्षा मोठं असेल तर त्याचे उभे तुकडे पाडू नका. एक तुकडा रिकामा होईपर्यंत शेजारचा त्यात वाहून येतो. आडवे थर करा आणि वरचा थर आधी काढा. पाणी वर चढत नाही, त्यामुळे साफ झालेला थर साफच राहतो.

पाण्याशिवाय परत येणाऱ्या गोष्टी

कॉबलस्टोन किंवा ऑब्सिडियन काढला की पुन्हा तिथेच येत असेल तर जवळ कुठेतरी लाव्हा आणि पाणी अजून भेटतायत. दगडाच्या मागे न लागता त्यातलं एक बंद करा. बर्फाचा थर हिमवृष्टीत पुन्हा साचतो. जावामध्ये ‘स्नो ॲक्युम्युलेशन हाइट’ शून्य केला की साचणं थांबतं. वेली आणि गवताचं पसरणं ‘रँडम टिक स्पीड’वर चालतं, मूळ आकडा जावामध्ये ३ आणि बेडरॉकमध्ये १. काम होईपर्यंत शून्य करा आणि नंतर तोच आकडा परत द्या, नाहीतर शेतातली पिकंही वाढायची थांबतात.

ब्लॉक गेले, पण जमिनीवर मशाली, रूळ, गालिचे यांचा सडा पडला, असंही होतं. /फिलने बदललेला ब्लॉक वस्तू टाकत नाही, पण त्याच्या आधाराने असलेल्या गोष्टी निसटून पडतात. हजारोंनी पडल्या तर गेम अडखळतो. आधी ‘डू टाइल ड्रॉप्स’ फॉल्स करा, किंवा नंतर /किल @ई[टाइप=आयटम] चालवा. ही दुसरी कमांड लोड असलेल्या भागात जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू नेते, दुसऱ्या खेळाडूची सुद्धा, तेव्हा सर्व्हरवर आधी सांगा.

झाडं काढताना टॅग

जावामध्ये फिल्टरच्या जागी टॅग चालतो. ‘एअर रिप्लेस #लॉग्ज’ आणि ‘एअर रिप्लेस #लीव्ह्ज’ या दोन ओळींत सगळ्या जातींची झाडं जातात. टॅग फक्त शेवटी, जुन्या ब्लॉकच्या जागी. नव्या ब्लॉकच्या जागी लिहिला तर गेम नाकारतो. बेडरॉकमध्ये एकेक नाव लिहावं लागतं.

बागेतली हाताने लावलेली पानं वाचवायची असतील तर #लीव्ह्ज[पर्सिस्टंट=फॉल्स] लिहा. खेळाडूने ठेवलेल्या पानांची ही अवस्था ट्रू असते, रानातल्या झाडांची फॉल्स. एवढ्या एका शब्दाने कुंपणाची हिरवळ राहते आणि जंगल जातं. ओंडक्यांना मात्र अशी खूण नाही. लाकडी घर जवळ असेल तर #लॉग्ज घराच्या खांबांनाही नेईल, तिथे पोपटी लोकरीची तालीम करून चौकोन घराबाहेर आखा.

कमांड ब्लॉकमध्ये लावताना

सतत काढत राहायचं असेल तर रिपीट आणि ऑल्वेज ॲक्टिव्ह असं लावतात. तो सेकंदाला २० वेळा चालतो. ~-८ ते ~८ चा चौकोन म्हणजे ४,९१३ ब्लॉक, सेकंदाला ९८,२६० तपासण्या, आणि प्रत्येक खेळाडूमागे लावलं तर तितक्या पट. चौकोन लहान ठेवा. बेडरॉकमध्ये कमांड ब्लॉकला टिकमध्ये (सेकंदाचा विसावा भाग) विलंब देता येतो, २० टाकले तर सेकंदाला एकदाच. फिल्टर न लावलेली कमांड स्वतःच्या ब्लॉकलाही हवा करते. ‘कमांड ब्लॉक एकदाच चालला आणि गायब झाला’ याचं उत्तर तेच.

सर्व्हरवर कमांड ब्लॉक मुळातच गप्प असेल तर सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ‘एनेबल कमांड ब्लॉक’ ट्रू आहे का पाहा; जावाच्या अगदी नव्या आवृत्त्यांत ही सेटिंग गेमरूलांत गेली आहे. चॅटमध्येच /फिल ओळखत नसेल तर चीट बंद आहेत किंवा तुम्हाला ऑपरेटरचा हक्क नाही. बेडरॉकमध्ये चीट चालू केले की त्या जगात अचीव्हमेंट मिळणं बंद होतं, म्हणून जगाच्या प्रतीवर प्रयोग करा.

इतकं करूनही अडलं आणि दुसऱ्याला विचारायची वेळ आली, तर पाच गोष्टी सोबत द्या: जावा की बेडरॉक, आवृत्तीचा आकडा, कमांड जशीच्या तशी, गेमने दिलेली पूर्ण ओळ, आणि टार्गेटेड ब्लॉकखाली दिसणारं नाव अवस्थेसकट. बहुतेक वेळा ही पाचवी गोष्ट लिहून काढतानाच चूक सापडते.